तीन लाखांची रेषा आणि जालन्याची बस

सार्वजनिक वाहने डिझेलवरून विजेवर आणावीत किंवा नाही, हा आता वादाचा विषय उरलेला नाही. शहरांतील बिघडलेली हवा, परदेशांतून आणाव्या लागणाऱ्या तेलाचे ओझे आणि डिझेलच्या दराबरोबर हेलकावे खाणारी परिवहन संस्थांची अंदाजपत्रके, या तीन कारणांनी तो निकालात निघाला आहे. वाद शिल्लक आहे तो खर्चाचा. विजेवर चालणारी मोठी बस डिझेल बसच्या जवळजवळ तिप्पट किंवा त्याहूनही अधिक किमतीस पडते. आणि ती नुसती विकत घेऊन भागत नाही. तिच्यासाठी आगारात उच्चदाबाची वीजजोडणी, रोहित्र आणि चार्जिंगची यंत्रे उभी करावी लागतात. हा पैसा कोणी द्यावयाचा? मोठ्या महानगरांपुरते या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी मिळाले आहे. जालन्यासारख्या जिल्ह्यास ते मिळालेले नाही. आणि ते का मिळाले नाही याचा शोध घेऊ लागले म्हणजे असे दिसते की, पैशाची टंचाई हे त्याचे मुख्य कारण नव्हे. पैशाचे पाट वाहत आहेत. परंतु त्यांपैकी बहुतेकांची चारी जालन्याच्या शिवारापर्यंत खोदलेलीच नाही.

हा केवळ धुराचा प्रश्न नाही, हे प्रथम ध्यानी घेतले पाहिजे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे जालना जिल्ह्याची लोकसंख्या १९ लाख ५९ हजार होती, आणि त्यांतील पाचांपैकी चार माणसे खेड्यांत राहणारी होती. जाफराबाद, मंठा किंवा घनसावंगी तालुक्यातील मुलीस महाविद्यालय गाठावयाचे असो, अथवा भोकरदनकडील रुग्णास जिल्हा रुग्णालयात यावयाचे असो, त्यांना परवडणारे आणि भरवशाचे वाहन म्हणजे एस. टी. सरकारने ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील वृद्धांना मोफत प्रवास दिला, मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट केले. या सवलतींना अर्थ आहे तो गावात गाडी येत असेल तरच. आयुष्य संपलेल्या डिझेल गाडीच्या जागी पुढे कोणती गाडी येणार आणि ती कोणत्या मार्गावर धावणार, या निर्णयावर खेड्यातील एस. टी. राहणार की जाणार हे अवलंबून आहे. महागडी गाडी उत्पन्नाच्या मार्गावर आणि जुनी खटारा आडवाटेच्या गावाला, अशी वाटणी झाली, तर विजेच्या युगाचा लाभ ज्यांना आधीच चार पर्याय आहेत त्यांनाच होईल.

सार्वजनिक वाहनांच्या भांडवलाचा प्रश्न मराठवाड्यास नवा नाही. निजामाच्या राज्यात १९३२ साली सरकारी रेल्वेच्या रस्ते-वाहतूक विभागाने अवघ्या २७ गाड्यांनिशी बससेवा सुरू केली. गाड्या सरकारच्या होत्या, आणि त्यांच्यामागे रेल्वेसारख्या भक्कम खात्याचे पाठबळ होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६१ साली येथील बससेवा महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळात विलीन झाली. ज्या १९५० च्या कायद्याखाली अशी महामंडळे चालतात, त्यात त्यांच्या भांडवलात राज्याबरोबर केंद्रानेही वाटा उचलण्याची तरतूद आहे. तिच्यामागील तत्त्व सरळ होते. गाडी, आगार आणि स्थानक हे भांडवल सरकारचे. चालक, इंधन आणि डागडुजी यांचा रोजचा खर्च तिकिटाचा. हे तत्त्व कालांतराने पुसट झाले. सवलतींचा भार वाढला, त्यांची भरपाई वेळेवर मिळेनाशी झाली, आणि भांडवलाचा बोजाही तिकिटाच्या पैशांवर येऊन पडला. महामंडळाच्या आर्थिक स्थितीविषयी जून २०२५ मध्ये जी श्वेतपत्रिका निघाली, तीत संचित तोटा १० हजार कोटी रुपयांवर गेल्याचे नमूद आहे. अशा संस्थेने दीड-दीड कोटीच्या गाड्या स्वतःच्या तिजोरीतून घ्याव्यात ही अपेक्षाच व्यर्थ होय. आडातच नाही, ते पोहऱ्यात कोठून येणार?

म्हणून केंद्र व राज्य सरकारांच्या योजनांकडे वळणे प्राप्त आहे. केंद्राने १६ ऑगस्ट २०२३ रोजी ‘पीएम ई-बस सेवा’ ही योजना मंजूर केली. तीत १६९ शहरांसाठी १० हजार विजेच्या बसगाड्या आणि एकूण ५७ हजार ६१३ कोटींच्या खर्चापैकी २० हजार कोटींचे केंद्रीय साहाय्य आहे. बारा मीटर लांबीची बस धावली की दर किलोमीटरला २४ रुपये, नऊ मीटरच्या बसला २२ रुपये आणि सात मीटरच्या बसला २० रुपये केंद्राकडून मिळतात. योजना उत्तम आहे. परंतु ती २०११ च्या जनगणनेत ३ लाख ते ४० लाख लोकसंख्या असलेल्या शहरांसाठी आहे. परभणीची त्या वेळची लोकसंख्या ३ लाख ७ हजार होती. ती रेषेच्या आत येते. जालना शहराची होती सुमारे २ लाख ८५ हजार. ते रेषेच्या बाहेर राहते. ज्या २०२३ साली राज्य सरकारने जालन्यास महानगरपालिकेचा दर्जा दिला, त्याच वर्षी केंद्राच्या योजनेने बारा वर्षांपूर्वीची शिरगणती पुढे करून त्यास दारातच थांबविले.

दुसरी योजना ‘पीएम ई-ड्राइव्ह’. १० हजार ९०० कोटींची ही योजना ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली आणि तिच्यातील बसगाड्यांचा भाग पुढे मार्च २०२८ पर्यंत वाढविण्यात आला. तीत १४ हजार २८ बसगाड्यांसाठी ४ हजार ३९१ कोटी रुपये राखून ठेवले आहेत. पण ते ४० लाखांवरील नऊ महानगरांना. राज्याचे २०२१ चे विद्युत वाहन धोरण पाहिले, तर त्यात सार्वजनिक वाहतुकीच्या विद्युतीकरणाचे लक्ष्य निवडक नागरी समूहांपुरते होते. मराठवाड्यातून त्यांत औरंगाबादचे नाव होते, जालन्याचे नव्हते. म्हणजे एका योजनेस जालना लहान, दुसरीस तर फारच लहान आणि तिसरीस अपरिचित! कोणत्याही अधिकाऱ्याने जालन्यावर अन्याय करावयाचा म्हणून ही योजना आखली, असे आम्ही म्हणत नाही. शहराच्या आकारावरून मदत ठरविली की, ज्या जिल्ह्यांत मोठे शहर नाही ते आपोआप वगळले जातात, एवढेच आम्हांस दाखवावयाचे आहे. प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ साली प्रादेशिक अनुशेषाचे जे मोजमाप मांडले, त्यामागील धडा हाच होता. नियम सर्वांना सारखा लावल्याने न्याय होतोच असे नाही. आरंभीची स्थिती विषम असेल, तर सारख्या नियमाने विषमता वाढते.

आता गाडीचा हिशेब पाहू. डिझेल बस लिटरमागे साडेचार किलोमीटर धावते आणि डिझेलचा दर ९० रुपये आहे असे धरले, तर किलोमीटरमागे इंधनाचा खर्च २० रुपये येतो. विजेची बस किलोमीटरला सव्वा युनिटाच्या आसपास वीज घेते. युनिटचा दर ९ रुपये धरल्यास तो खर्च सुमारे ११ रुपये होतो. वाचले ९ रुपये. गाडी दिवसाला २०० किलोमीटर धावली, तर वर्षाची बचत सहा लाखांच्या घरात जाते. ३०० किलोमीटर धावली, तर नऊ लाखांच्या वर. विजेच्या बसची जादा किंमत एक कोटी रुपये मानली, तर ती भरून निघण्यास पहिल्या गाडीला सोळा-सतरा वर्षे आणि दुसरीला सुमारे अकरा वर्षे लागतील. व्याज आणि बॅटरीबदलाचा खर्च तर यात धरलेलाच नाही. यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली ही की, विजेची बस आगारात उभी राहिली की बुडाली. ती जितकी धावेल तितकी स्वस्त पडेल. दुसरी ही की, कमी प्रवासी आणि लहान फेऱ्या असलेल्या ग्रामीण मार्गावर ती केवळ इंधनाच्या बचतीतून आपली किंमत फेडू शकत नाही. तेथे सरकारी साहाय्य हवे. तेथे ते देणे म्हणजे उधळपट्टी, असे समजण्याचे कारण नाही. खेड्यातील शाळेच्या खोलीचा खर्च विद्यार्थ्यांच्या फीमधून वसूल व्हावा असे आपण म्हणत नाही. मग त्या शाळेपर्यंत नेणाऱ्या गाडीलाच तो नियम का?

एकरकमी भांडवल नाही म्हणून देशभर एक नवी पद्धत रूढ झाली आहे. गाडी ठेकेदाराने आणावयाची, चालवावयाची, तिची निगा राखावयाची. परिवहन संस्थेने तिकिटाचे पैसे स्वतः घ्यावयाचे आणि ठेकेदारास धावलेल्या किलोमीटरप्रमाणे भाडे द्यावयाचे. २०२२ साली केंद्र सरकारच्या अखत्यारीतील ‘कन्व्हर्जन्स एनर्जी सर्व्हिसेस’ने पाच मोठ्या शहरांच्या ५ हजार ४५० बसगाड्यांची मागणी एकत्र करून निविदा काढली. तेव्हा बारा मीटरच्या बसचा किमान दर किलोमीटरला ४३ रुपये ४९ पैशांपर्यंत खाली आला. मागणी एकवटली की दर उतरतो, हे त्यातून सिद्ध झाले. परंतु एकवटण्याची दुसरी बाजूही महाराष्ट्राने पाहिली आहे. महामंडळाने २०२३ साली ५ हजार १५० बसगाड्या भाडेतत्त्वावर घेण्याचे ठरविले. ठरल्या वेळी गाड्या आल्या नाहीत, आणि मे २०२५ मध्ये हा करार रद्द करण्याचे आदेश परिवहन मंत्र्यांना द्यावे लागले. सबंध राज्याची भिस्त एकाच करारावर असली की, तो रखडताच गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत सारेच खोळंबतात. मुंबईत बेस्टच्या भाडेतत्त्वावरील गाड्यांच्या काही ठेकेदारांनी सेवा सोडून दिली, हाही धडा विसरता कामा नये.

या पद्धतीचे मर्म एकाच गोष्टीत आहे : दर महिन्याचे बिल वेळेवर चुकते होईल याची शाश्वती. ठेकेदार बँकेकडून कर्ज काढून गाडी आणतो. परिवहन संस्था बिल थकविणार असे बँकेस वाटले, की बँक व्याज चढविते, व्याज चढले की ठेकेदार दर वाढवितो, आणि तो वाढीव दर अखेर प्रवाशाच्या माथी बसतो. चिलीची राजधानी सांतियागो येथे हा पेच फार चतुराईने सोडविला गेला. तेथे वीज कंपन्यांनीच गाड्या विकत घेऊन बस चालविणाऱ्यांना भाड्याने दिल्या, आणि भाड्याची रक्कम सरकारी परिवहन निधीतून त्यांना परस्पर मिळेल अशी तजवीज केली. आपल्या केंद्र सरकारनेही सप्टेंबर २०२४ मध्ये ३ हजार ४३५ कोटींची देयक-सुरक्षा योजना मंजूर केली आहे. परिवहन संस्थेने बिल थकविले तर ते या निधीतून भागवावयाचे आणि मागाहून रिझर्व्ह बँकेतील राज्याच्या खात्यातून वसूल करावयाचे, असे तिचे स्वरूप आहे. ३८ हजारांहून अधिक गाड्यांना तिचे संरक्षण मिळावे असा उद्देश आहे. आमच्या दृष्टीने तिचे महत्त्व असे की, तीत शहराच्या लोकसंख्येची रेषा नाही. राज्य परिवहन महामंडळेही तिचा आश्रय घेऊ शकतात. जालन्यापर्यंत चारी खोदता येण्याजोगा पाट आहे तो हा. त्यासाठी राज्य सरकारने आपल्या खात्यातून परस्पर वसुली करण्यास संमती द्यावी लागते. ज्या सरकारला बिल वेळेवर देण्याची इच्छा आहे, त्यास ही संमती जड वाटू नये.

गाडीचा प्रश्न असा सुटला, तरी चार्जिंगचा उरतोच. आणि तो जिल्ह्याच्या हातात अधिक आहे. गाडी आज येथे, उद्या तेथे. परंतु तार, रोहित्र आणि जागा या स्थिर वस्तू होत. त्यांचे आयुष्य कोणत्याही एका ठेक्याहून मोठे असते. म्हणून त्यांत सार्वजनिक पैसा घालणे सर्वांत सुरक्षित. ठेकेदार बदलला तरी आगारातील वीज आगारातच राहते. महामंडळाच्या जालना विभागाची आगारे जालना, अंबड, परतूर आणि जाफराबाद येथे आहेत. जिल्ह्याच्या मध्यभागी आणि तीन दिशांना पसरलेल्या या चार ठिकाणी वीज पोहोचली, तर एका चार्जिंगमध्ये दीड-दोनशे किलोमीटर धावणाऱ्या गाडीस जिल्ह्यातील कोणताही तालुका दूर नाही. आणि जालन्यास विजेचे वावडे असण्याचे काही कारण नाही. येथील पोलादाच्या भट्ट्या विजेवरच चालतात. मुंबईकडे जाणारी वंदे भारत गाडी ३० डिसेंबर २०२३ रोजी याच स्थानकातून विजेवर धावू लागली. रुळांवर जे झाले ते रस्त्यावर अशक्य का मानावे?

या स्थिर कामांसाठी पैशाच्या वाटा अनेक आहेत, आणि त्या एकत्र आणल्या तर पुरेशा आहेत. पहिली वाट हवेची. केंद्राने २०१९ साली राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला तेव्हा हवेच्या मानकांत न बसणाऱ्या शहरांच्या यादीत जालन्याचे नाव आले. हा मान भूषणावह नाही. पण ज्या शहराची हवा सरकारदप्तरी खराब ठरली, त्यास हवा सुधारण्यासाठी मिळणाऱ्या निधीतून बसस्थानकातील धूर कमी करण्याचा हक्कही प्राप्त होतो. रस्ते झाडण्याची यंत्रे आणि पाण्याचे फवारे यांवर असा पैसा खर्च करणे सोपे असते. घंटागाड्या आणि बसगाड्या विजेवर आणणे कठीण, पण टिकाऊ. दुसरी वाट जिल्हा नियोजन समितीची. आगारांच्या वीजजोडणीचा खर्च जिल्हा वार्षिक योजनेत टप्प्याटप्प्याने धरण्यास पालकमंत्र्यांनी पुढाकार घ्यावा. तिसरी वाट राज्याच्या २०२५ च्या विद्युत वाहन धोरणाची. १ हजार ९९३ कोटींच्या या धोरणात बसगाड्यांना मूळ किमतीच्या १० टक्क्यांपर्यंत प्रोत्साहन आहे, महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय करण्याचा संकल्प आहे, आणि समृद्धी महामार्गावर विजेच्या मोटारी व बसगाड्यांना पथकर माफ आहे. समृद्धी महामार्ग जालन्यास लागूनच जातो. बसगाड्या दिवसा मार्गावर असताना आगाराच्या दर्शनी भागातील चार्जर खासगी वाहनांना शुल्क घेऊन खुले ठेवले, तर तेथूनच देखभालीचा खर्च निघू लागेल. चौथी वाट उद्योगांची. पोलाद आणि बियाणे या दोन व्यवसायांनी जालन्याचे नाव देशभर नेले. कंपनी कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांनी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामांवर खर्च करावयाचे असतात, आणि पर्यावरणरक्षण हे त्यांत बसणारे काम आहे. ‘जालना, सोने का पालना’ ही म्हण आपण अभिमानाने सांगतो. त्या पाळण्याला दोरी बांधण्याचे काम गावातल्या धनिकांनीही करावे.

एक वाट मात्र तूर्त टाळावी असे आमचे मत आहे. ती कर्जरोख्यांची. पिंपरी-चिंचवड महापालिकेने २०२५ साली २०० कोटींचे हरित रोखे काढले, म्हणून जालन्यानेही काढावेत असे कोणी सुचवील. परंतु रोखे घेणारा आधी नगरपालिकेचे हिशेब, वसुली आणि पत पाहतो. काल-परवा महापालिका झालेल्या शहराने एकट्याने बाजारात उभे राहणे म्हणजे चढे व्याज पत्करणे होय. तामिळनाडूने दोन दशकांपूर्वी लहान नगरांना एकत्र बांधून, राज्याच्या पाठबळाने त्यांच्या पाणीपुरवठ्यासाठी सामाईक रोखे काढले होते. महाराष्ट्र सरकारने परभणी, जालना यांसारख्या मध्यम शहरांसाठी तसा सामाईक निधी उभारला, तर गोष्ट निराळी.

या सर्वांवर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो पोकळ नाही. महामंडळाकडे गाड्यांचीच चणचण असताना एका विजेच्या बसच्या पैशात तीन डिझेल गाड्या येतात. त्या का घेऊ नयेत? ज्या गावात आज एकही फेरी येत नाही, तेथे लवकर पोहोचणारी गाडी डिझेलची असली तरी ती घ्यावी, हे आम्ही मान्य करतो. परंतु गाडी दहा-बारा वर्षे चालवावयाची असते, आणि तितकी वर्षे डिझेलचा दर आजचाच राहील अशी हमी कोण देईल? म्हणून क्रम असा हवा. अधिक किलोमीटर पडणाऱ्या मार्गांवर, म्हणजे जालना ते छत्रपती संभाजीनगर आणि जालना ते अंबड अशा सतत वर्दळीच्या मार्गांवर, आधी विजेच्या गाड्या याव्यात. तेथून मोकळ्या झालेल्या चांगल्या डिझेल गाड्या आडगावच्या फेऱ्यांना द्याव्यात. त्या भंगारात निघताना ग्रामीण मार्गांवर लहान आकाराच्या विजेच्या गाड्या सरकारी साहाय्यासह उतरवाव्यात. मोकळ्या झालेल्या गाड्या जिल्ह्याबाहेर जाणार नाहीत, ही अट मात्र लेखी असावी. आगारातील यांत्रिकांना नव्या गाड्यांचे शिक्षण देणे हाही याच खर्चाचा भाग मानावा. नाहीतर ठेकेदाराची माणसे आली आणि घरची माणसे बसून राहिली, असे होईल.

आमच्या मागण्या मोजक्या आहेत. केंद्राने २०११ च्या शिरगणतीची रेषा सोडावी. जनगणना २०२७ साली पूर्ण व्हावयाची आहे, तिचे आकडे येईपर्यंत ज्या शहरांस राज्यांनी महापालिकेचा दर्जा दिला आहे त्यांस तरी योजनेत घ्यावे. राज्याने देयक-सुरक्षा योजनेसाठी लागणारी संमती द्यावी, सवलतींची भरपाई महामंडळास महिन्याच्या महिन्याला चुकती करावी आणि पुढील करार विभागवार करावेत, म्हणजे एक रखडला तरी बाकीचे थांबणार नाहीत. महावितरण, महामंडळ, महापालिका आणि जिल्हा परिषद यांनी जिल्हाधिकाऱ्यांच्या पुढाकाराने एकत्र बसून चार आगारांचा एकच आराखडा करावा. कारण जो जिल्हा आराखडा हातात घेऊन दारी जातो, त्याच्यासाठी वर्षअखेरीस उरलेल्या निधीचीही कवाडे उघडतात, हा सरकारी कारभाराचा जुना अनुभव आहे.

१९३२ साली २७ गाड्यांनिशी सेवा सुरू झाली, तेव्हा कोणत्या गावाची लोकसंख्या किती आहे हे पाहून रस्ता थांबला नाही. सार्वजनिक वाहन हे मोठ्या शहराला मिळणारे बक्षीस नव्हे. जेथे माणसाला दुसरे साधन नाही तेथे पोहोचणे हाच त्याचा धर्म आहे. पंधरा हजार माणसे कमी भरली म्हणून वीस लाखांच्या जिल्ह्याने थांबून राहावे, हा हिशेब कागदावर बिनचूक असेल. पण शहाणपणाचा खचित नव्हे.